खोलीत आणखी कोण होतं

बोलायचं असलं की मॅडम आधी समोरचा पाण्याचा ग्लास बाजूला सारायच्या. मग पेन, मग कागद, मग मोबाईल. टेबलावर त्यांच्यापुढे काही उरलं नाही की दोन्ही तळवे तिथे टेकायच्या आणि म्हणायच्या, "अब मेरी बात." आवाज मोठा नसायचा. उलट थोडा खाली यायचा. पण त्या सारासारीत जो वेळ जायचा तेवढ्यात बाकीचे गप्प झालेले असायचे.

मध्येच कोणी तोंड घातलं तर त्या त्याच्याकडे शांतपणे बघत राहायच्या. त्याचं संपलं की म्हणायच्या, "मेरा पूरा नहीं हुआ था." आणि जिथे वाक्य तुटलं असेल तिथूनच पुढे. एकदा मार्केटिंगच्या साहेबांनी चांगली पाच मिनिटं खाल्ली. ते थांबले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "लेकिन." कारण त्यांचं वाक्य 'लेकिन'वर तुटलं होतं. मी कपबशा गोळा करत होते. मला हसू आलं म्हणून मी तोंड भिंतीकडे केलं.

देवासच्या कारखान्यांच्या भागात आमचा गत्त्याच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या, खोक्यांचा कारखाना आहे. मिठाईचे, नमकीनचे, चपलांचे, सगळे खोके तिथे होतात. मी ऑफिसच्या बाजूला चहापाण्याचं काम करते, ठेकेदाराच्या हाताखाली. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले. पुढे शाळा हिंदी झाली आणि माझं शिक्षण तिथेच थांबलं. हे मी माझ्यासाठी लिहिते आहे. माझी मुलं मराठी बोलतात पण वाचायला दिलं तर दोन ओळींत कंटाळतात, त्यामुळे वही उघडी राहिली तरी मला भीती नाही. तरी लिहिताना वाटतं की कोणी तरी शेजारी बसून वाचतंय. असो. तुम्ही कुठल्या ऑफिसात गेला असाल, तर चहा आणणारी बाई दारात येते तेव्हा कोणी बोलायचं थांबत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यामुळे आम्हाला पुष्कळ कळतं.

मॅडम धारच्या. कारखान्यात मोठ्या साहेबांच्या खालोखाल त्याच, मशीन आणि पॅकिंगचं सगळं त्या बघायच्या. आजोबा संस्थानात अधिकारी होते, वडील शिक्षक. आईवडील लवकर गेले आणि आत्याने वाढवलं. लग्न केलं नव्हतं. देवासला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायच्या आणि रविवारी बसने इंदूरमार्गे धारला आत्याकडे जायच्या. ऑफिसात सगळा कारभार हिंदीत, फक्त माझ्याशी मराठी. ती पण कशी, जुन्या घरची. "मावशी, जरा विसावा घ्या हो," असं म्हणणारं तिथे दुसरं कोण होतं? बाकीच्यांना मी 'बाई' होते.

पण वाचायला त्या कच्च्या होत्या. शाळा हिंदी, कॉलेज इंग्रजी. पंच्याऐंशीच्या आत्याबाई अजून पत्र लिहीत, मराठीत, किरट्या अक्षरात. ते पत्र घेऊन मॅडम पँट्रीत यायच्या, दार लोटायच्या आणि म्हणायच्या, "मावशी, वाचा. मी वाचते तेव्हा आत्या रागावल्यासारखी वाटते." मी वाचायचे. पत्रात काय असणार? तुळशीला मंजिऱ्या आल्या, अमझेऱ्याहून अमुक येऊन गेली, तू जेवतेस का. इतकी मोठी बाई, दोनशे माणसांवर अधिकार चालवणारी, ओट्याला टेकून डोळे मिटून ऐकायची.

माझी शाळा त्यांच्या अशी कामाला यायची, तसाच माझा अडाणीपणाही. मोठी मीटिंग असली की आदल्या दिवशी त्या पँट्रीत येऊन मला सगळं सांगायच्या. "समजलं का?" मी हो म्हटलं की म्हणायच्या, "मग काय समजलं ते सांगा." मी अडखळले की त्या स्वतःचं वाक्य बदलायच्या, माझ्यावर चिडायच्या नाहीत. "तीन वाक्यांत बसलं पाहिजे, मावशी. चौथ्याला ते मोबाईल काढतात."

असे त्यांचे पुष्कळ नियम होते आणि प्रत्येकामागे काही तरी सोसलेलं होतं. आवाज चढवायचा नाही, कारण पुरुष चढवतो तेव्हा तो कडक असतो आणि बाईने चढवला की तिचं डोकं फिरलेलं असतं. आपलं म्हणणं दुसऱ्याने आपलं म्हणून सांगितलं तर भांडायचं नाही. "मैंने पिछले हफ्ते जो कहा था, आप उसी को आगे बढ़ा रहे हैं, अच्छा लगा," असं हसून म्हणायचं. डोळ्यांत पाणी आलं तर खिडकी उघडायला उठायचं. त्या खोलीची खिडकी फार वेळा उघडली जायची. मला वाटायचं यांना उकडतं.

त्या आल्या तेव्हा कारखान्यात बायकांसाठी संडास नव्हता. बायका पॅकिंगला तीस-पस्तीस, पण जायचं म्हटलं की गेटबाहेर, रस्त्यापलीकडे. मॅडम स्वतः सकाळपासून पाणी पीत नसत. ग्लास पुढ्यात ठेवलेला तसाच असायचा. दोन वर्षं त्या त्यासाठी झगडल्या. शेवटी जेव्हा बांधून झाला, तेव्हा मार्केटिंगचे साहेब हसत म्हणाले, "मॅडम का ड्रीम प्रोजेक्ट." सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग पँट्रीत येऊन दोन ग्लास पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हसू देत. तीस बायका आता दुपारी पाणी पितील."

आणि दुसरी गोष्ट म्हणजे मशीन. खोके कापायच्या मशीनवर पहिल्यापासून पुरुषच बसत. तिथे पगार जास्त. बायका फक्त पॅकिंगला. मॅडमनी तीन बायकांना चार महिने शिकवून मशीनवर बसवलं. त्यांतली रेखा सगळ्यांत हुशार. पीपलरावां गावाहून यायची, दोन लेकरांची आई. पहिल्या दिवशी चार नंबरच्या मशीनवर बसली तेव्हा बाजूच्या मशीनवरचा म्हणाला, "क्यों भाभी, रोटी बेलोगी इसपे?" रेखा म्हणाली, "नी भिया, तमारी गिनती बेलूंगी." गिनती म्हणजे दिवसाचे मोजलेले नग. संध्याकाळी तिचे नग खरंच त्याच्यापेक्षा जास्त भरले. मॅडम त्या दिवशी मला म्हणाल्या, "मावशी, मी या कारखान्यात काय केलं असं कोणी विचारलं तर रेखा दाखवीन."

मोठे साहेब निवृत्त झाले आणि मॅडमना इन्चार्ज केलं. पक्कं नाही. दिवाळीपर्यंत काम बघा, मग मुंबईहून वरचे साहेब येतील आणि ठरवतील, असं सांगितलं. आमच्या कारखान्यात त्या खुर्चीत बाई कधी बसली नव्हती. मॅडम वरून काही दाखवत नसत. पण आत्याच्या पत्रात आलं होतं, 'तू लिहितेस की दिवाळीनंतर कळेल. मी तोवर मरत नाही.' हे वाचताना मी थांबले. मॅडम म्हणाल्या, "वाचा, वाचा. आत्याचा नवस आहे तो."

इन्चार्ज झाल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये एक गोष्ट झाली. मीटिंगमध्ये कोण काय बोललं आणि काय ठरलं ते एकजण लिहून घेतो, त्याला मिनिट्स म्हणतात. पुढे काही वाद झाला तर तोच कागद खरा. नऊ वर्षं ते मॅडमच लिहीत होत्या. अक्षर चांगलं, आणि बाई म्हणून कागद आपोआप त्यांच्याकडे सरकायचा. त्या दिवशीही सरकला. मॅडमनी तो उचलला आणि स्टाफचं बघणाऱ्या साहेबांपुढे ठेवला.

"आज से आप."

साहेब हसले. "मेरी तो हैंडराइटिंग ही खराब है, मॅडम."

"टाइप कर दीजिए."

नंतर पँट्रीत मला म्हणाल्या, "लिहिणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही की तुझं मत काय. मान खाली असते ना तिची. नऊ वर्षं मी त्यांची वाक्यं नीट करून दिली, मावशी. आता माझं मला बोलायचंय." मला ते फार पटलं. आजही पटतं. पण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं, आणि या दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवणं मला जमत नाही.

दसऱ्याला मशीनची पूजा असते. दरवर्षी मोठे साहेब आणि त्यांची बायको पाटावर बसत. यंदा मॅडम. तर आदल्या दिवशी कुजबुज सुरू झाली की पूजेला जोडी लागते, एकटी बाई कशी बसणार. गुरुजींचं काही म्हणणं नव्हतं. पण मार्केटिंगचे साहेब आपल्या बायकोला घेऊनच आले, जरीची साडी वगैरे. मॅडम म्हणाल्या, "बैठिए, बैठिए." आणि मागे पॅकिंगच्या बायकांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. फोटो निघाला. तो फोटो वरच्या साहेबांना गेला, असं पुढे कळलं. त्यात पाटावर कोण बसलंय हे दिसत होतं आणि मॅडम दिसत नव्हत्या.

दसऱ्यानंतर मिठाईच्या खोक्यांची घाई सुरू होते. कापायच्या मशीनला समोर एक लाल दिव्याची पट्टी असते. तिच्या उजेडात हात आला की मशीन आपोआप थांबतं. पण गत्त्याची धूळ बसली की ते हात नसतानाही थांबतं आणि नग कमी भरतात. म्हणून कोणी तरी चार नंबरची वायर काढून अशी जोडून ठेवली की दिवा पेटलेला दिसेल, पण मशीन थांबणार नाही. रेखाला हे माहीत नव्हतं. मॅडमना एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत, मशीन थांबलेलं असताना, दिसलं.

त्यांनी लगेच मीटिंग बोलावली. खोलीत तिघंच होते. मॅडम, मार्केटिंगचे साहेब आणि स्टाफचे साहेब, मिनिट्स लिहायला. आणि मी थर्मासमधून चहा ओतत होते.

मॅडमनी ग्लास सारला, कागद सारले. म्हणाल्या, "चार नंबर आज से बंद. इंदौर से मैकेनिक आएगा, सेन्सर ठीक करेगा, तब चलेगी. दो दिन."

मार्केटिंगचे साहेब म्हणाले, "दीवाली के मुँह पे? मॅडम, आप घबरा बहुत जाती हैं. थोड़ी सफाई करवा देते हैं."

"सफाई से नहीं होगा. वायर निकली हुई है."

"देखते हैं ना."

इतक्यात मॅडमचा फोन वाजला. धारहून शेजाऱ्यांचा. आत्याबाई अंगणात पडल्या होत्या आणि दवाखान्यात नेत होते. मॅडम उठल्या. पर्स उचलली, दारापर्यंत गेल्या आणि दारातून वळून पुन्हा म्हणाल्या, "चार नंबर बंद रखिए. मेरे आने तक कोई नहीं चलाएगा." साहेब म्हणाले, "हाँ हाँ, आप जाइए." मॅडम माझ्या अंगावरूनच गेल्या. त्यांची ओढणी माझ्या हाताला लागली.

मीटिंग झाली की ठरलेलं चार ओळींत सगळ्यांना ईमेल करायचं, हीसुद्धा त्यांची सवय होती. त्या दिवशी ते राहिलं. आत्या पडलेली असताना कोणाला आठवेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी चार नंबर चालू होतं. दहाच्या सुमाराला कारखान्याचा आवाज तुकड्या-तुकड्याने बंद होत गेला. एक मशीन थांबलं, मग शेजारचं, मग सगळीच. मी पँट्रीतून बाहेर आले तर बायका पळत होत्या. रेखाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. मी पाहिलं ते लिहीत नाही.

मॅडम धारहून तशाच आल्या. आत्याला दवाखान्यात सोडून आल्या. आल्या त्या थेट रेखाकडे. तिथून पुढे रोज संध्याकाळी जायच्या. एकदा मला घेऊन गेल्या, कारण मी शिरा केला होता. रेखाचा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा बांधलेला. ती मॅडमना म्हणाली, "मैडम, म्हारी जगा राखजो." माझी जागा राखून ठेवा. मॅडम म्हणाल्या, "राखूंगी." तिथे उघडायला खिडकी नव्हती.

चौकशीला मुंबईचे दोन साहेब आले. त्याच खोलीत. मला चहाला बोलावलं. सकाळीच ठेकेदाराचा माणूस सांगून गेला होता, "बाई, अपना काम करना. न देखना, न सुनना." मी ट्रे घेऊन दाराशी पोचले तेव्हा वाद चालू होता, म्हणून उंबऱ्यावरच थांबले.

वरच्या साहेबांच्या हातात मिनिट्सचा कागद होता. त्यांनी वाचलं, "चार नंबर के रखरखाव पर चर्चा हुई." मग मॅडमना विचारलं, "आप कहती हैं कि आपने बंद करने को कहा था. इसमें तो नहीं है."

"मैंने कहा था."

"आपने लिखित में कुछ दिया?"

"नहीं. मुझे अचानक जाना पड़ा."

मार्केटिंगचे साहेब अगदी हळुवार आवाजात म्हणाले, "सर, मॅडम उस वक्त बहुत परेशान थीं, घर से फोन आया था. शायद मन में रहा होगा कि बोल दिया. हमने तो सफाई का ही सुना." स्टाफच्या साहेबांनी मान हलवली. ते टेबलाकडे बघत होते.

मग वरचे साहेब म्हणाले, "उस दिन कमरे में और कौन था?"

मी उंबऱ्यावर होते. हातात ट्रे, ट्रेमध्ये पाच कप. मॅडमनी वर पाहिलं. त्यांची नजर दारापर्यंत आली. माझ्यावर आली की माझ्या मागच्या भिंतीवर, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

"कोई नहीं," त्या म्हणाल्या. "हम तीन ही थे."

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? माझी नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी मला वगळलं? ठेकेदाराने मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं, हे त्यांना माहीत होतं. की इतकी वर्षं माझ्याकडून पत्रं वाचून घेणाऱ्या, आपली वाक्यं मला ऐकवणाऱ्या मॅडमनाही मी त्या खोलीत असल्यासारखी वाटले नाही? पहिलं खरं मानलं तर माझी मान खाली जाते. दुसरं खरं मानलं तर वाटतं, मग मी पत्रं वाचत होते ती कोणाला? रोज यांतलं एक खरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी दुसरं.

पण ते काहीही असो. मला विचारलं नव्हतं तरी मला तोंड होतं. 'मी होते' इतकं म्हणायला शाळा लागत नाही. मी आत गेले. पाचही कप ठेवले. वरच्या साहेबांनी साखर वेगळी मागितली, ती आणून दिली. आणि बाहेर आले.

दिवाळीनंतर निकाल आला. खुर्ची मार्केटिंगच्या साहेबांना. मॅडमना इंदूरच्या गोदामावर सल्लागार म्हणून जा म्हटलं, तिथे सल्ला घ्यायला कोणी नव्हतंच. त्यांनी राजीनामा दिला. रेखाला कंपनीने कायमचं घरी पाठवलं. तिच्याबरोबरच्या दोघींना मशीनवरून काढून परत पॅकिंगला बसवलं आणि नोटीस लागली की सुरक्षेसाठी महिला कामगार मशीनवर बसणार नाहीत. मॅडम त्या नोटिशीपुढे उभ्या राहून ती वाचत होत्या, शेवटच्या ओळीपर्यंत. मागून दोघं जाताना एकजण म्हणाला, "घर-गिरस्ती होती तो ये दिन नहीं आता." त्यांनी ऐकलं. वळल्या नाहीत.

त्यांचा शेवटचा दिवस शनिवार होता. निरोपाचा समोसा-पेढा झाला. नव्या इन्चार्ज साहेबांनी भाषण केलं, मॅडमच्या मेहनतीबद्दल. मॅडमना बोला म्हटलं, तर त्या "धन्यवाद" म्हणाल्या आणि बसल्या. इतकं लहान बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं सामान म्हणजे एक खोका होता, आमच्याच कारखान्यातला. तो उचलून मी त्यांच्या मागे निघाले.

त्या गेटकडे न जाता कारखान्यात शिरल्या. पॅकिंगच्या बायकांनी मान वर केली नाही, सुपरवायझर उभा होता. मॅडम चार नंबरशी जाऊन थांबल्या. मशीनवर नवा माणूस होता. लाल दिव्याची नवी पट्टी बसवलेली, पिवळ्या लोखंडी चौकटीत. मॅडमनी खालून गत्त्याची एक कातरण उचलली आणि त्या उजेडात धरली. मशीन थांबलं. कातरण काढली. माणसाने परत सुरू केलं. त्यांनी पुन्हा धरली. पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदा तो माणूस अदबीने म्हणाला, "मॅडम, गिनती कम हो जाएगी मेरी."

"हाँ," त्या म्हणाल्या. कातरण खिशात घातल्यासारखं केलं, पण कुर्त्याला खिसा नव्हता. मग ती तशीच हातात घेऊन बाहेर आल्या.

गेटबाहेर रिक्षा उभी होती. मी खोका आत ठेवला. काही तरी बोलायला हवं होतं, म्हणून मी आत्याबाईंबद्दल विचारलं. "चालायला लागल्या, काठीने," त्या म्हणाल्या. रिक्षात बसल्या. रिक्षावाल्याने सुरू केली, तर त्याच्या खांद्याला हात लावून थांबवलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"मावशी, त्या दिवशी तुम्ही खोलीत होता ना?"

"होते, मॅडम."

"मी बंद ठेवा म्हटलं होतं ना? इतके जण नाही म्हणाले की आता माझं मलाच... रात्री उठून बसते. वाटतं, नसेनच म्हटलं."

"म्हटलं होतं," मी म्हणाले. "दोनदा म्हटलं होतं. एकदा बसून. एकदा दारातून, जाताना."

त्या वळल्या आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी माझ्याकडेच, यात शंका नव्हती. "दोनदा?" त्या म्हणाल्या. "मला एकदाच आठवत होतं."

मला वाटलं आता त्या विचारतील, मग तेव्हा का नाही बोललात. मी मनात उत्तर जुळवत होते. पण त्यांनी विचारलं नाही. दोन-तीनदा मान हलवली, हिशेब जुळल्यावर माणूस हलवतो तशी, आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत."

रिक्षा निघाली. वळणावर ट्रकसाठी थोडी थांबली, तेव्हा मला मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं. त्या सरळ समोर बघत होत्या. मग ट्रक गेला आणि रिक्षाही गेली.